अपडाऊन बंद झालं तेव्हा

लासूर स्टेशनच्या कॉलेजवाल्या पोराला 'राहतोस कुठं?' असं विचारलं, तर उत्तर एका शब्दात येतं: अपडाऊन. म्हणजे तो औरंगाबाद शहरात राहत नाही. माय पहाटे डबा बांधून देते, सकाळची पॅसेंजर पोटूळ, दौलताबाद करत शहरात पोहोचते आणि दिवेलागणीला पोरगं पुन्हा घरी. अंतर चाळीसेक किलोमीटर. रूमचं भाडं नाही, मेसचे पैसे नाहीत, खर्च तो रेल्वेच्या पासाचा. मुलींना तर पदवीपर्यंत रेल्वेचा मासिक पास फुकट असतो, त्यामुळे 'तेवढं कशाला शिकवायचं' म्हणणाऱ्या बापाचा निदान एक मुद्दा आपोआप निकालात निघे. गंगापूर-वैजापूरकडच्या खेड्यांत पदवीधर कसे तयार झाले हे सांगायचं, तर कॉलेजांच्या इमारतींआधी या पासाबद्दल सांगावं लागेल. मार्च २०२० मध्ये या भागात शिक्षणाचं सगळ्यात आधी काय मोडलं, तर हेच.

लासूर स्टेशन हे गावच रुळांनी जन्माला घातलेलं. दाक्षायणी देवीचं जुनं लासूर वेगळं, आणि मोंढा, आडत, कांदा-मक्याच्या गाड्या यांच्यावर वाढलेलं हे स्टेशनचं गाव वेगळं. निजामाच्या राज्यातला हैदराबाद-गोदावरी व्हॅली हा मीटरगेज मार्ग १९०० च्या आसपास मनमाडला येऊन भिडला. तो माल वाहायला टाकलेला. पण शिकणाऱ्या पोरांनी त्याचा वेगळाच उपयोग केला. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली हैदराबादेत निघालं, औरंगाबादला १९२३ मध्ये इंटरमिजिएट कॉलेज आलं. पण पदवी घ्यायची तर याच रुळांवरून पाचशेहून जास्त किलोमीटर पूर्वेला जायचं, आणि तिथे शिकायचं ते उर्दूतून. १९३८ मध्ये 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून निजामी कॉलेजांतून विद्यार्थ्यांना काढून टाकलं, तेव्हा त्यातले कितीतरी नागपूर विद्यापीठाकडे गेले. शिक्षण तुटलं की पोरं पुन्हा गाडीतच बसली.

मग विद्यापीठ जवळ आलं. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं, सं. रा. डोंगरकेरी त्याचे पहिले कुलगुरू. १४ जानेवारी १९९४ रोजी, दीर्घ आणि रक्तरंजित लढ्यानंतर, त्याच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. त्याच दशकात मनमाडहून येणारी मीटरगेज ब्रॉडगेज झाली. लासूरच्या फलाटावरून बघितलं, तर विद्यापीठ पाचशे किलोमीटरवरून चाळीसवर आलं होतं. ते हातातल्या फोनमध्ये येईल असं २०२० पर्यंत कुणी म्हणालं असतं, तर लोकांनी त्याला प्रगती म्हटलं असतं.

मार्च २०२० मध्ये सगळं फार झपाट्याने घडलं. १३ तारखेला राज्य सरकारने साथरोग कायदा लागू केला. तो कायदा १८९७ चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगमधून निघालेला. म्हणजे लासूरच्या रुळांपेक्षाही थोडा जुना. लगोलग शहरांतली शाळा-महाविद्यालयं बंद झाली, परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. २२ तारखेला जनता कर्फ्यू, त्याच दिवशी देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबवल्याची घोषणा, आणि २५ पासून टाळेबंदी. शहरात रूम करून राहणारी पोरं, टीव्ही सेंटर, पदमपुरा, बेगमपुऱ्यातली, होती तशी गावाकडे निघाली. पुस्तकं रूमवरच राहिली. 'पंधरा दिवसांत येऊ' म्हणून कुलूप लावलेल्या खोल्यांचं भाडं पुढे महिनोन्महिने भरत बसावं लागलं. काही घरमालकांनी सोडून दिलं, काहींनी वसूल केलं. सरकारी वसतिगृहांत मग कोविड केंद्रं उघडली. किलेअर्कच्या वसतिगृहाचं नाव पुढे शहरभर त्याच कारणाने झालं.

अपडाऊनवाल्यांचं मात्र कुलूप लावण्यासारखं काही नव्हतंच. त्यांच्या खिशात मुदत संपत चाललेला पास होता आणि समोर रिकामे रूळ.

त्या रिकाम्या रुळांची एक आठवण इथे टाळता येणार नाही. ८ मे २०२० च्या पहाटे, याच मार्गावर, शहराच्या पूर्वेला करमाडजवळ, जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशचे मजूर रुळांवर झोपले होते. गाड्या बंद आहेत असा त्यांचा समज. मालगाडी आली आणि सोळा जण गेले. प्रवासी गाड्या बंद होत्या, पण मालगाड्या चालू होत्या. ही बारीक गोष्ट रुळांच्या कडेला राहणाऱ्या लासूरकरांना रोजच्या आवाजावरून कळत होती. उपाशी चालत आलेल्यांना कुणी सांगितली नव्हती. त्या महिन्यात वर्ग आणि परीक्षांची चर्चा करताना मराठवाड्यातल्या कुठल्याही प्राध्यापकाच्या मनात हे चित्र नव्हतं असं मला वाटत नाही.

एप्रिलमध्ये 'ऑनलाइन' हा शब्द आला. आला म्हणजे, आधी तो मोबाइल रिचार्जचा आणि सातबाऱ्याचा शब्द होता, तो वर्गाचा झाला. सुरुवात व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपपासून. मग पीडीएफ. मग कुणी तरी झूम काढलं; त्याची फुकटची चाळीस मिनिटं संपली की वर्ग अर्ध्या वाक्यात सुटे. १६ एप्रिलला केंद्रीय गृहमंत्रालयाने झूम सुरक्षित नाही म्हणून सांगितलं, तेव्हा गुगल मीटकडे धाव. वह्यांचे फोटो काढून गृहपाठ पाठवायला पोरं कॅमस्कॅनर वापरायला शिकली, तोवर २९ जूनला चिनी म्हणून बंदी घातलेल्या ५९ ॲप्समध्ये तेही गेलं. टिकटॉक गेल्याचं दुःख सगळ्यांनी बोलून दाखवलं; कॅमस्कॅनरवाल्यांची कुणी विचारपूस केली नाही.

त्या उन्हाळ्यातली एक साथ मात्र इतिहासात नोंदली जावी: वेबिनारची. 'एकदिवसीय राष्ट्रीय वेबिनार', 'कोविड जनजागृती प्रश्नमंजूषा', आणि शेवटी ई-प्रमाणपत्र. दहा प्रश्न सोडवले की रंगीत प्रमाणपत्र ईमेलवर. मूल्यांकनाच्या फायलींसाठी कॉलेजांना ती हवी होती आणि पोरांना वेळ घालवायला. एकेकाकडे पंधरा-वीस प्रमाणपत्रं साचली. एप्रिल-मे २०२० मध्ये मराठी महाविद्यालयीन जगात सगळ्यात जास्त काय पिकलं असेल, तर ते हे.

आता रेंजबद्दल. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून खेड्यात स्वस्त डेटा पोहोचला होता, हे खरं. म्हणूनच 'सगळ्यांकडे मोबाइल आहे' हे वाक्य बैठकांत सहज बोललं जाई. पण मोबाइल घरात असणं आणि तो पोराच्या हाती असणं यांत फरक आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी १४.९ टक्क्यांकडेच इंटरनेटची सोय होती आणि ४.४ टक्क्यांकडे संगणक. पुढच्या दोन वर्षांत इंटरनेटचा आकडा वाढला असणार; संगणकाचा फार हलला असेल असं गावात फिरताना तरी दिसत नव्हतं. घरात एक स्मार्टफोन, तो बापाकडे किंवा थोरल्याकडे. बाप सकाळी मोंढ्यात कांद्याचा भाव बघायला गेला की वर्गही त्याच्या खिशात बसून मोंढ्यात जाई. धाकट्याची शाळा, थोरलीचं बी.ए., दोन्ही एकाच वेळी. मग कुणी तरी माघार घ्यायची. कुणी घ्यायची हे सांगायला नको.

दिवसाला दीड जीबी. दोन तास व्हिडिओ चालला की पॅक सरतं, आणि संध्याकाळी नोट्स उतरवायला काही उरत नाही. रेंज धरायला पोरं पत्र्याच्या घरातून गच्चीवर, गच्चीवरून वावराच्या बांधावर. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कणकवली तालुक्यातली पशुवैद्यक शाखेची एक विद्यार्थिनी डोंगरावर खोपटं बांधून शिकते, ही बातमी राज्यभर गाजली. कौतुकाचा पूर आला. मराठवाड्यात तशी बातमी झाली नाही एवढंच. इथे पोरगा विहिरीच्या कठड्यावर बसून बी.एस्सी. करत होता आणि त्यात छापण्यासारखं काही नव्हतं. कॅमेरा बंद, माइक बंद, कानात इअरफोन, हातात खुरपं, अशी हजेरी जूनपासून लागू लागली. पेरणीचे दिवस होते. घरात धडधाकट पोरगं दिवसभर मोबाइलकडे बघत बसलंय, हे कुठल्या बापाला पटणार? 'येस सर' म्हणायचं आणि पुन्हा तासाला लागायचं.

सरांचीही गत फार वेगळी नव्हती. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला पैसे तासावर. तास झाला की नाही हे ठरवायचं कसं, यावर कार्यालयांनी महिने घालवले. पाठ्यपुस्तकांच्या गठ्ठ्याला फोन टेकवून, समोर एकही चेहरा नसताना, चाळीस काळ्या चौकोनांना शिकवायचं. मराठीच्या वर्गात एखाद्या ओळीवर मागच्या बाकावरून हसू फुटलं तर शिकवणाऱ्याला हुरूप येतो. इथे ओळ संपायची आणि शांतता. 'आवाज येतोय का?' हे त्या वर्षी मराठीत सगळ्यात जास्त वेळा विचारलं गेलेलं वाक्य असावं.

याच सुमारास परीक्षेचा खेळ सुरू झाला, आणि तो मात्र मुंबई-दिल्लीत खेळला गेला. ३१ मे रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेता सरासरीने गुण देण्याचं जाहीर केलं. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी, जे राज्यातल्या विद्यापीठांचे कुलपतीही, त्यांना ते मान्य नव्हतं. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या: अंतिम वर्षाची परीक्षा सप्टेंबरअखेर घ्यावीच लागेल. युवासेना सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ ऑगस्टला न्यायमूर्ती अशोक भूषण, आर. सुभाष रेड्डी आणि एम. आर. शाह यांच्या खंडपीठाने निकाल दिला: परीक्षेविना पदवी देता येणार नाही, राज्याला फार तर मुदत वाढवून मागता येईल. तीन महिने एका वाक्यासाठी, परीक्षा आहे की नाही, पोरं रोज टीव्ही लावत होती. उच्च शिक्षणमंत्री उदय सामंत काय म्हणाले याच्या क्लिपा ग्रुपवर फिरत आणि प्रत्येक क्लिपनंतर पुस्तक पुन्हा मिटत.

कृषी महाविद्यालयांच्या पोरांवर वेगळंच बालंट आलं. त्यांच्या काही गुणपत्रिकांवर 'कोविड-१९ मुळे उत्तीर्ण' अशा अर्थाचा शिक्का पडला. ओरड झाल्यावर कृषिमंत्री दादा भुसे यांनी तसा उल्लेख काढायला लावला. पण तोवर 'कोरोनाची बॅच' हा शब्द रुजला होता, आणि तो कुठल्याही मंत्र्याला पुसता येण्यासारखा नव्हता. नोकरीच्या मुलाखतीत, सोयरिकीच्या बैठकीत, 'कोणत्या साली झालास?' या प्रश्नाला '२०२०' म्हटलं की समोरचा मिशीत हसे.

सप्टेंबरच्या शेवटी विद्यापीठांतल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचं आंदोलन झालं, परीक्षा आणखी सरकल्या, आणि ऑक्टोबरमध्ये त्या बहुपर्यायी प्रश्नांच्या रूपात एकदाच्या झाल्या. मोबाइलवर किंवा केंद्रावर जाऊन, ज्याला जे जमेल ते. ज्या पोरांनी पाच सत्रं मोठमोठी उत्तरं लिहिली, 'सविस्तर चर्चा करा'ला चार-चार पानं दिली, त्यांची शेवटची परीक्षा गोलात टिचकी मारण्याची झाली. इतिहासाच्या पेपरात हैदराबाद मुक्तिसंग्रामाची कारणं चार पर्यायांत कशी मावतील, असा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. लिंक उघडत नाही, पेपर अर्ध्यावर अडकला, नाव एकाचं नि विषय दुसऱ्याचा, अशा तक्रारी राज्यातल्या जवळजवळ प्रत्येक विद्यापीठात होत्या. काही घरांत मात्र त्या दिवशी चार पुस्तकं, दोन भावंडं आणि एक गुगल मिळून पेपर सुटला, हेही लिहून ठेवायला हवं. निकाल लागले, टक्केवारी फुगली. आनंद झाला, पण घशाखाली नीट उतरला नाही.

मुलींचं काय झालं, ते आकड्यांत सापडायला कठीण आहे. त्या वर्षी लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा होती. मंडप नाही, पंगत नाही, मानपान नाही. २०१८ च्या दुष्काळाने आणि २०१९ च्या परतीच्या पावसाने मोडलेल्या शेतकरी बापाला ती संधीच वाटली. अल्पवयीन मुलींची लग्नं वाढल्याच्या बातम्या मराठवाड्यातून येतच होत्या. कॉलेजातल्या सज्ञान मुलींची लग्नं बातमीतही येत नव्हती. त्यातली एखादी सासरी नांदता नांदता फोनवर पेपर देत होती आणि पदवीधर झाली. गाडी चालू असती तर ती लग्नानंतर कॉलेजला आलीच नसती, असं म्हणणारे प्राध्यापक मला भेटले आहेत. गाडी चालू असती तर तिचं लग्न तीन वर्षं लांबलं असतं, असं म्हणणारेही. मला दुसरं जास्त खरं वाटतं. 'कॉलेज चालू आहे' हे सांगायला घराबाहेर पडणारं पाऊल लागतं. पोरगी डबा घेऊन स्टेशनकडे निघते ते शेजाऱ्यांना दिसतं. ती खाटेवर फोन घेऊन बसली, तर ती फक्त घरात आहे.

आणि अपडाऊनमध्ये जे शिकायला मिळतं, त्याचा अभ्यासक्रम कुठे नाही. डब्यात पुढच्या वर्षाची पोरं भेटतात, कोणत्या सरांच्या नोट्स चालतात ते कळतं, बँकेत नि तहसीलमध्ये कामाला जाणारे नोकरदार जागा सुटल्याचं सांगतात, औरंगपुऱ्यात जुनी पुस्तकं कुठे स्वस्त ते समजतं. वाळूजच्या कारखान्यात पाळी करून शिकणाऱ्याची ओळखही तिथेच होते. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख विद्यापीठाच्या संकेतस्थळाआधी पॅसेंजरच्या दारात लटकलेल्या पोराला माहीत असते. फोनवरून तास आला, परीक्षा आली, गुणपत्रिकाही आली; ही माहिती आली नाही. त्या एप्रिलमध्ये युनेस्कोच्या हिशेबाने १९० हून जास्त देशांतली दीडशे कोटींहून जास्त मुलं वर्गाबाहेर होती, म्हणजे लासूरचं काही जगावेगळं नव्हतं. पण जगातल्या बऱ्याच ठिकाणी शिकायला येणारा मुलगा आधीच शहरात राहत होता. इथे शहराशी त्याचा धागा फक्त गाडीचा होता.

परत जाणंही सरळ झालं नाही. २०२० च्या जुलैत औरंगाबादला दहा ते अठरा तारखेदरम्यान पुन्हा कडक टाळेबंदी झाली. २० ऑगस्टला एसटीची आंतरजिल्हा सेवा सुरू झाली, तेव्हा कॉलेजंच बंद. १५ फेब्रुवारी २०२१ ला निम्म्या उपस्थितीत कॉलेजं उघडायला परवानगी मिळाली, तर आठवडाभरातच दुसरी लाट. मार्चमध्ये जिल्ह्यात अंशतः टाळेबंदी, ३० मार्चपासून पूर्ण टाळेबंदीची घोषणा, आणि ती ऐन वेळी मागे. शेवटी २० ऑक्टोबर २०२१ ला, लसीचे डोस झालेल्यांसाठी, वर्ग उघडले. आणि पुढच्या काही दिवसांत एसटी कर्मचाऱ्यांचा संप लागला, जो उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर येण्यास सांगेपर्यंत रेंगाळला. गाड्या 'विशेष' म्हणून धावत होत्या, आरक्षण लागत होतं, आणि पासवाल्यांना कितीतरी काळ त्यांत जागाच नव्हती. कॉलेज उघडलं तेव्हा बस नाही, गाडी आहे तेव्हा पास नाही. जीपमध्ये कोंबून रोज जाणं किती पोरींच्या घरी चालणार? जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेने पुन्हा कॉलेजं मिटली, फेब्रुवारीत पुन्हा उघडली.

त्या उन्हाळ्यात परीक्षा लेखी होणार म्हटल्यावर पोरं रस्त्यावर आली. 'शिकवलं ऑनलाइन, तर परीक्षाही ऑनलाइन' हा त्यांचा युक्तिवाद वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांनी आळशीपणात काढला. मला तो आळस वाटला नाही. दोन वर्षं ज्या हाताने पेन धरलं नाही, त्याला तीन तास लिहायला सांगत होतो आपण. सरकारने ताशी पंधरा मिनिटं जादा वेळ देण्याचं ठरवलं, पेपरांत अंतर ठेवलं, आणि परीक्षा लेखीच झाल्या. औरंगाबादेतल्या एका केंद्रावर बाकं कमी पडली आणि एकेका बाकावर दोघं-तिघं बसवावी लागली, असं छापून आलं. दोन वर्षं सहा फूट अंतर शिकवून झालं होतं.

२०२० मध्ये बारावी होऊन आलेली पोरं तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी होती. त्यांनी पहिलं वर्ष पूर्ण गावात काढलं होतं, दुसरं अर्धंमुर्धं. ती गाडीतून उतरून आवारात आली ती हॉल तिकीट हातात घेऊन, आणि ग्रंथालय कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. विचारायचं कुणाला, तर आजूबाजूला त्यांच्याच वर्गातली पोरं, तितकीच नवखी. एकमेकांना नावाने ओळखणारी, कारण ग्रुपवर नावं होती, पण चेहरा पहिल्यांदा बघणारी. 'तू तोच का रे, सकाळी सगळ्यात आधी येस सर टाकायचा?' असं एकमेकांना विचारत ती परीक्षेच्या खोल्या शोधत निघाली.